नेत्रांच्या फिर्यादी : तहकूब कोणत्या, तातडीच्या कोणत्या

पुण्यातील एखादा गृहस्थ 'परवाच डोळे तपासून घेतले' असे समाधानाने सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की, लक्ष्मी रस्त्यावरील एखाद्या चष्म्याच्या दुकानात जाऊन, यंत्रासमोर हनुवटी टेकवून आणि समोरच्या तक्त्यावरील अक्षरे उतरत्या क्रमाने वाचून, त्याने आपला नंबर काढून आणला आहे. नंबर काढणे हे नेत्रपरीक्षेचे एक कलम आहे, संपूर्ण मसुदा नव्हे. आणि ज्याचे दोन्ही डोळे तक्त्याची शेवटची ओळ बिनचूक वाचतात, त्याच्या डोळ्यांत काचबिंदूने कडेची दृष्टी कुरतडण्यास आरंभ केला असेल किंवा मधुमेहामुळे पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागल्या असतील, हे त्या तक्त्याला कळण्याची काही सोय नाही. चष्म्याच्या दुकानदाराविरुद्ध ही तक्रार नव्हे. तो आपले काम चोख करतो. तक्रार आहे ती डोळा दुखला किंवा लाल झाला तरच तो आजारी, आणि जोवर दुखत नाही तोवर निरोगी, या आपल्या दृढ समजुतीविरुद्ध.

शरीररचनेपुढे ही समजूत टिकत नाही. बुबुळावर घड्याळाच्या काचेप्रमाणे बसविलेले जे पारदर्शक पटल असते व ज्यास वैद्यकग्रंथ स्वच्छमंडल म्हणतात, त्यात वेदनावाहक तंतूंची इतकी दाटी आहे की, धुळीचा डोळ्यांना न दिसणारा कणही तेथे अडकला असता माणूस हातातले काम टाकून बसतो. उलट डोळ्याच्या मागील भिंतीवर पसरलेला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, ज्याच्यावर पाहण्याचे सारे कार्य अवलंबून, त्यास वेदना मुळीच ठाऊक नाही. तो फाटला, त्यात रक्त उतरले किंवा त्याचा रक्तपुरवठा एकाएकी बंद पडला, तरी धन्याला कसलीही कळ येत नाही. परिणाम असा की, डोळ्याच्या ज्या फिर्यादी मोठ्या आवाजात दाखल होतात त्यांतील बऱ्याचशा चार दिवस तहकूब ठेवल्या तरी निभते, आणि ज्या दबक्या आवाजात येतात, किंवा मुळी येतच नाहीत, त्यांचा निकाल कधी दिवसांत तर कधी तासांत लावावा लागतो.

त्यात डोळे दोन असल्यामुळे आणखी एक घोटाळा होतो. एका डोळ्याची तूट दुसरा इतक्या बिनबोभाट भरून काढतो की, आपला उजवा डोळा केव्हाच अधू झाला आहे हा शोध कित्येकांस डाव्यात कचरा जाऊन तो मिटून घ्यावा लागला तेव्हा लागतो. यास्तव अधूनमधून एका डोळ्यावर तळहात ठेवून, बुबुळावर दाब न देता, दुसऱ्याने भिंतीवरच्या कालनिर्णयातील तिथी-वार वाचून पाहावेत, आणि मग हात बदलावा. त्याच बैठकीत खिडकीचे गज सरळ दिसतात की मध्येच वाकलेले, हेही पाहून घ्यावे; सरळ रेषा वाकडी दिसणे हा पडद्याच्या मध्यबिंदूच्या विकाराचा जवळजवळ सहीशिक्क्याचा पुरावा होय. या परीक्षेस पैसा लागत नाही, आणि तरीही ती करणारी माणसे विरळा.

लाल डोळ्यापासून आरंभ करू, कारण लोकांच्या मनात पहिला क्रमांक त्याचाच आहे. जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळे येण्याची साथ सुरू झाली. प्रथम शाळकरी मुलांत हजारांनी रुग्ण आढळले, आणि पाहता पाहता तिने पुणे शहर व पुढे उभा महाराष्ट्र व्यापला. ज्या गावी अनेक मुले एका सतरंजीवर निजतात, एका हौदाच्या पाण्याने तोंड धुतात आणि हाताशी येईल त्या पंचाने पुसतात, तेथे अशी साथ का फोफावते हे सांगण्यास साथरोगतज्ज्ञ नको. अशा साथी नव्या नाहीत. १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात उद्भवलेल्या रक्तस्रावी नेत्रदाहास, मनुष्य त्याच वर्षी चंद्रावर उतरल्यामुळे, तेथील लोकांनी अपोलोचे नाव दिले. तोच विकार १९७१ मध्ये हिंदुस्थानात येऊन पोहोचला तेव्हा बंगालमधील लोकांनी बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाची घोषणा उचलून त्यास 'जय बांगला' म्हणण्यास आरंभ केला. रोगास राजकारणातील नाव देण्याची ही विनोदबुद्धी, डोळे चिपडांनी चिकटलेले असताना शाबूत राहते, हे विशेष.

डोळे आलेल्या माणसाकडे पाहिल्याने डोळे येतात ही समजूत मात्र अद्याप सुशिक्षित घरांतही नांदते. पाहण्याने काही होत नाही. संसर्ग होतो तो हाताने, टॉवेलाने, उशीच्या अभ्र्याने, आणि एकाच्या थेंबांची बाटली दुसऱ्याच्या डोळ्यात ओतल्याने. काळा चष्मा रुग्णास उजेडाचा त्रास होऊ नये एवढ्यापुरता उपयोगी. साबणाने धुतलेल्या हातांची सर त्यास नाही. विषाणूंनी आलेले डोळे आठ-पंधरा दिवसांत आपले आपण बरे होतात, थंड पाण्याच्या घडीने आराम पडतो, आणि जंतुनाशक थेंबांचा त्या विषाणूंवर काही अंमल चालत नाही. वैद्याकडे धाव घ्यावयाची ती लालीच्या जोडीला खोलवर ठणका, उजेड मुळीच न सोसणे किंवा दृष्टी अंधुक होणे यांपैकी काही एक हजर असेल तर. चिपडे पुसून टाकल्यावरही अक्षर स्पष्ट दिसत नसेल तर तो साधा प्रकार समजू नये. काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला तर त्याने लेन्स काढून त्याच दिवशी डोळा दाखवावा, मग ठणका असो वा नसो. आणि जन्मून महिना न झालेल्या अर्भकाचे डोळे पुवाने भरू लागले, तर आईचे दूध, मध वा काजळ यांच्या वाटेस न जाता ते अर्भक उचलून थेट रुग्णालय गाठावे. प्रसूतिमार्गातून आलेले काही जंतू कोवळे स्वच्छमंडल थोड्या दिवसांत भेदून जातात.

येथे औषधाच्या दुकानाविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे. डोळ्याचे थेंब द्या, एवढ्या तोंडी मागणीवर जी बाटली हातात पडते, तीत पुष्कळदा स्टेरॉइड असते, आणि स्टेरॉइडाचा गुण असा की ते लाली व खाज एका रात्रीत उतरवते, म्हणून गिऱ्हाईक संतुष्ट होऊन पुढील खेपेसही तीच बाटली मागते. उन्हाळा लागला की पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, त्यातही मुलग्यांत, एक खाजरी व्याधी दरवर्षी उद्भवते: मुले मुठींनी डोळे चोळत बसतात, डोळ्यांतून चिकट तारा निघतात, आणि आई वैतागून गेल्या वर्षीच्या चिठ्ठीवर तेच थेंब आणवते. वैद्याने आठ दिवसांकरिता दिलेले औषध अशा रीतीने चार-चार उन्हाळे चालते. त्या थेंबांनी डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू धरतो, आणि दहावीच्या वर्गात मुलगा फळ्यावरचे दिसत नाही म्हणून सांगू लागतो तेव्हा गेलेली दृष्टी परत आणण्याचा उपाय उरलेला नसतो. लाल डोळा नागिणीच्या जातीच्या विषाणूमुळे किंवा बुरशीमुळे असेल तर हेच थेंब आगीत तेल ओततात. माझ्या मते, पुणे शहरात टाळता येण्याजोग्या अंधत्वाच्या कारणांत ही बिनचिठ्ठीची बाटली जितकी उपेक्षित आहे तितके दुसरे काही नसेल.

डोळ्यात काही जाणे हा दुसरा नित्याचा प्रकार. दुचाकींचे शहर म्हणून ज्याची ख्याती, त्या शहरात हेल्मेटची काच वर करून हिंडणाऱ्यांच्या डोळ्यांत धूळ, चिलटे आणि बांधकामाची वाळू गेली नाही तरच नवल. पापणीच्या आतील कण पाण्याने निघून जातो. पण भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या शेडमध्ये ग्राइंडिंगच्या चाकाची लोखंडी ठिणगी बुबुळावर रुतून बसते, तेव्हा शेजारच्या मशीनवरील अनुभवी कामगार काडीपेटीतील काडीस कापूस गुंडाळून किंवा रुमालाचे टोक पिळून ती काढण्यास सरसावतो, आणि पुष्कळदा ती निघतेही. मागे राहते ते गंजाचे एक वर्तुळ, आणि काडीने पडलेला ओरखडा. नेत्रवैद्याच्या दालनात हाच डोळा पाहावा: खोली अंधारी केलेली, रुग्णाची हनुवटी टेकणीवर व कपाळ पट्टीला लावलेले, नारिंगी रंगाची एक कागदी पट्टी पापणीच्या आत ओलावली जाते, आणि निळ्या प्रकाशाचा झोत पडताच, साध्या उजेडात निर्दोष दिसणाऱ्या बुबुळावर ओरखडा जेवढा असेल तेवढा हिरवा उजळून निघतो. हातोडीने लोखंडावर लोखंड ठोकताना काही उडाल्याचे जाणवले, आणि दुखणे लगेच थांबलेही, तर तेवढ्यावर विसंबू नये. वेगाने उडालेली बारीक कपची डोळ्यात पार आत शिरून बसते, बाहेरची जखम मिटते, आणि आतले लोखंड पुढे महिनोनमहिने पडद्यात विष कालवीत राहते. वेल्डिंगच्या झगझगीने होणारी वेदना मात्र ऐन कामाच्या वेळी न येता सहा ते बारा तासांनी, मध्यरात्री, उग्र स्वरूपात येते. ती भयंकर वाटली तरी एक-दोन दिवसांत शमते.

शेतकऱ्याचा डोळा याहून दुर्दैवी. दौंड-बारामतीच्या पट्ट्यात उसाचे पाते किंवा ज्वारीचे धाट डोळ्याला लागणे ही इतकी सामान्य गोष्ट आहे की तिची वाच्यता कोणी करीत नाही. दोन दिवस डोळा खुपतो, मग गावातील कोणी जाणता गाईचे तूप वा कांद्याचा रस घालण्यास सांगतो, मग तालुक्याच्या गावी थेंब मिळतात, आणि आठवडा-दोन आठवड्यांनी बुबुळावर करड्या-पांढऱ्या रंगाचा, कडा पिसारल्यासारखा ठिपका घेऊन माणूस पुण्यास येतो. वनस्पतीच्या जखमेतून शिरलेल्या बुरशीचा हा व्रण. तो बरा होण्यास आठवडे, कधी महिने लागतात, आणि बरा झाल्यावरही तेथे फूल पडते ते कायमचे, स्वच्छमंडल बदलण्याची शस्त्रक्रिया होईपर्यंत. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत दान झालेले नेत्र येथे उपयोगी पडतात. बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, एवढ्या एका लक्षणावर त्याच दिवशी वैद्य गाठण्याचा नियम गावोगाव रुजला, तर त्या दानाची गरजच पुष्कळ कमी होईल.

अपघातांत मात्र एक प्रकार असा आहे की, वैद्याकडे धावण्यापूर्वी घरीच अर्धा तास थांबावे लागते. पान-तंबाखूच्या चुन्याची नळी किंवा पुडी लहान मुले खेळणे म्हणून दाबतात, ती फुटते, आणि चुना उडतो तो थेट डोळ्यात. अल्कली असल्यामुळे तो आम्लापेक्षा घातक, कारण आम्ल वरच्या थरातील प्रथिने गोठवून स्वतःच अडून राहते, तर चुना थर विरघळवीत आत आत जातो. अशा वेळी मुलाला नळाखाली धरून, पापण्या बोटांनी उघड्या ठेवून, निदान पंधरा ते तीस मिनिटे पाण्याची धार सोडावी, पांढरे कण दिसतील ते ओल्या कापसाने टिपावेत, आणि मग रिक्षा बोलवावी. पाण्याविना प्रवासात गेलेली ती पंधरा मिनिटे पुढे कोणताही शल्यविशारद परत देऊ शकत नाही. रंगपंचमीचे रासायनिक रंग, फिनेल, बॅटरीचे आम्ल, सर्वांस हाच नियम. उलट दिवाळीच्या फटाक्याने वा काटकीने डोळा फुटल्याची शंका असेल तर पाणी घालू नये, चोळू नये, रुतलेले काही असल्यास उपटू नये. डोळ्यास न टेकेल असे कागदी पेल्याचे बूड वरून लावून रुग्णास न्यावे.

या यादीत अलीकडे पुण्याने स्वतःची भर घातली आहे. २०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकीनंतर, लेसरच्या झोताने पडद्यास इजा होऊन दृष्टी गमावलेल्या तरुणाची हकीकत येथील नेत्रवैद्यांनी प्रसिद्ध केली. वेदना अर्थातच नव्हती, केवळ दृष्टीच्या मध्यभागी अंधार होता. २०२४ च्या उत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांविरुद्ध मनाई हुकूम काढला. लोकमान्यांनी ज्या उत्सवास सार्वजनिक रूप दिले त्यात लेसरची आरास आवश्यक आहे काय, हा प्रश्न मंडळांच्या कार्यकर्त्यांनीच सोडवावा.

आता ज्या तक्रारींचा बोभाटा मोठा व मोल लहान, त्या झटपट निकालात काढू. पापणी लवणे हे उजव्या-डाव्याच्या शकुनापेक्षा जागरणाचे व अमृततुल्याच्या पाचव्या-सहाव्या पेल्याचे लक्षण आहे. मात्र पापणीबरोबर निम्मा चेहरा लवू लागला तर दाखवावे. रांजणवाडीस ऊन पाण्याच्या फडक्याचा शेक पुरतो. ती पुनःपुन्हा होत असेल तर रक्तातील साखर पाहावी. सकाळी आरशात डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग दिसला, पण दुखत नाही व दिसण्यात फरक नाही, तर तो खोकल्याने किंवा जोराच्या शिंकेने फुटलेल्या केशवाहिनीचा उद्योग. दोन आठवड्यांत ओसरतो, फक्त रक्तदाब मोजून घ्यावा. हिंजवडीतील तरुणांच्या डोळ्यांची चुरचूर बहुतांशी कोरडेपणाची असते, कारण संगणकाच्या पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून खाली येते व वातानुकूलित हवा उरलेले अश्रू शोषून घेते. तेथे महागड्या निळसर काचांपेक्षा दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर पाहणे अधिक गुणकारी. चाळिशी लागणे हा तर रोगच नव्हे.

आणि आता दबक्या आवाजाच्या फिर्यादी. डोळ्यांपुढे माश्या, कोळ्याचे जाळे वा केस तरंगत असल्याचा भास पन्नाशीच्या आसपास पुष्कळांस होतो. डोळ्यातील पारदर्शक रस पातळ होऊन पडद्यापासून सुटू लागल्याचे ते चिन्ह, आणि जुने, ओळखीचे झालेले तरंगते ठिपके निरुपद्रवी असतात. परंतु असे ठिपके एकाएकी, मूठभर काळी मोहरी उधळल्यागत, नव्याने आले, अंधारात कडेला विजा चमकू लागल्या, किंवा एका बाजूने काळी छाया सरकत येऊ लागली, तर पडदा फाटत आहे असे समजून त्याच दिवशी तपासणी व्हावी. फाटलेल्या जागेभोवती वेळीच लेसरचे टाके घातले तर काम दहा मिनिटांचे. पडदा सुटून त्याचा मध्यबिंदू उचलला गेला की मोठी शस्त्रक्रिया करूनही पूर्वीची दृष्टी येईल असे कोणी सांगत नाही. ज्यांचा ऋण नंबर मोठा आहे, ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांच्या डोळ्यास चेंडू वा बुक्का लागला आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

एका डोळ्याची दृष्टी क्षणार्धात, वेदनेविना गेली तर ती पडद्याच्या धमनीत गुठळी अडकल्याने गेलेली असू शकते, आणि मग मुदत थोड्याच तासांची. याहून फसवा प्रकार म्हणजे दृष्टी पाच-दहा मिनिटे जाऊन आपोआप परत येणे. घरातील माणसे 'अंधारी आली असेल' म्हणून लिंबूपाणी देतात, वस्तुतः ती मेंदूच्या झटक्याची आगाऊ वर्दी असू शकते व ती नेत्रवैद्याइतकीच फिजिशियनच्या दप्तरी तत्काळ दाखल झाली पाहिजे. एकाचे दोन दिसू लागले तर आळीपाळीने डोळे झाकावेत: एक डोळा झाकूनही दोन दिसत असतील तर दोष बहुधा मोतीबिंदूचा वा नंबराचा; कोणताही डोळा झाकताच एक दिसत असेल तर प्रश्न स्नायूंचा वा मज्जातंतूंचा, आणि जोडीस डोकेदुखी व पापणी पडणे असेल तर रात्र काढू नये. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग आलेल्या काळ्या बुरशीने हीच लक्षणे घेऊन मधुमेही रुग्णांचे डोळेच्या डोळे नेले, ही आठवण या शहरास अजून ताजी असावी.

तीव्र काचबिंदूचा झटका हा या सर्वांत वेशांतरात पटाईत. सायंकाळी मंद उजेडात, साठीच्या आसपासच्या, जवळचा व लांबचा दोन्ही धन नंबर असलेल्या बाईचे डोके अर्धे ठणकू लागते, उलट्या होतात, दिव्याभोवती इंद्रधनुष्यी कडी दिसतात. उलट्यांमुळे पित्ताचा, डोकेदुखीमुळे अर्धशिशीचा इलाज सुरू होतो, आणि लाल, धुरकट झालेल्या डोळ्याकडे लक्ष जाते ते दुसऱ्या दिवशी. डोळ्याचा दाब एरवी पाऱ्याच्या दहा ते एकवीस मिलिमीटरांत असतो. तो अशा वेळी पन्नासाच्या पुढे जातो, आणि प्रत्येक तासागणिक दृष्टीचा मज्जातंतू मरत जातो. पण या कांगावखोर भावंडापेक्षा मूक काचबिंदूच संख्येने पुष्कळ अधिक आहे. त्याची फिर्याद कधीच नसते. दृष्टी कडेने जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून मनुष्य वाचतो, हिंडतो आणि जिन्याच्या पायरीवर अडखळू लागला की चष्म्याला दोष देतो. गेलेली दृष्टी परत येत नाही, राहिलेली थेंबांनी राखता येते. ज्याच्या आईबापांपैकी वा भावंडांपैकी कोणास काचबिंदू असेल त्याने चाळिशीनंतर नियमाने दाब व मज्जातंतू दोन्ही तपासावेत. दोन्ही म्हणण्याचे कारण, दाब मर्यादेत असूनही काचबिंदू असलेले रुग्ण काही थोडे नाहीत. मधुमेहाचेही असेच: प्रौढ वयात मधुमेह कळला त्याच वर्षी, आणि पुढे दरवर्षी, पडदा तपासला पाहिजे, चष्म्याने स्वच्छ दिसत असले तरीही. नंबर महिन्या-महिन्याने बदलू लागला तर नवा चष्मा करण्यापूर्वी साखर मोजावी.

मोतीबिंदूविषयी सर्वांस सर्व माहीत आहे असा समज असल्यामुळे त्यावर थोडे रेंगाळणे अवश्य. राष्ट्रीय पाहणीत (२०१५–१९) पन्नाशीपुढील भारतीयांच्या अंधत्वापैकी सुमारे दोन-तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूचे आढळले, म्हणजे ज्याचा खात्रीचा इलाज आहे त्याच विकाराने सर्वांत अधिक माणसे आंधळी बसली आहेत. याचे एक कारण दारिद्र्य व अंतर. दुसरे, 'अजून पिकला नाही' हे वाक्य. ते वाक्य एकेकाळी शहाणपणाचे होते. जुन्या पद्धतीत डोळ्यातील भिंग काढून टाकीत व त्याबदली नाकावर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा येई, त्यामुळे डोळा पुरता निकामी होईपर्यंत थांबण्यात तोटा नव्हता; शिबिरे थंडीत भरत, म्हणून शस्त्रक्रिया थंडीतच करावी हा नियमही त्याच काळाचा. १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत रुतलेले विमानाच्या छताचे प्लास्टिकचे तुकडे डोळा बिनतक्रार सोसतो, हे त्यांच्या नजरेस आले होते. तेव्हापासून पिकण्याची वाट पाहण्याचे कारण हळूहळू संपले. आज निकष एकच: रोजच्या कामात अडते काय? उलट अतिपक्व मोतीबिंदू कठीण होतो, फुगतो, कधी डोळ्यातच फुटून दाब वाढवतो. आणखी एक मौज अशी की, मोतीबिंदूच्या आरंभी भिंगाचा गाभा घट्ट होऊन जवळचा नंबर उतरतो. आजोबा चष्म्याविना 'सकाळ' वाचू लागतात, घरात त्यांच्या दृष्टीचे कौतुक होते, आणि ते कौतुकच मोतीबिंदूचे पहिले प्रमाणपत्र असते.

मुलांची गोष्ट वेगळी, कारण त्यांना तुलना करण्यास पूर्वीची दृष्टीच नसते. तिरळेपणा भाग्याचा मानून सोडून दिला तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र नाकारू लागतो व डोळा आळशी होतो; सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर तो जागा होतो, पुढे कठीण. छायाचित्रात एका बाहुलीत तांबड्याऐवजी पांढरी चमक दिसली तर ते छायाचित्र घेऊनच नेत्रवैद्याकडे जावे; पडद्याचा कर्करोग कित्येकदा असाच प्रथम दिसतो. गर्भाचे चौतीस आठवडे भरण्यापूर्वी किंवा दोन किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बालकाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे, ते बालक कितीही गुटगुटीत दिसू लागलेले असो. एकेकाळी रातांधळेपणा म्हटला की 'अ' जीवनसत्त्वाची उणीव गृहीत धरत. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सहामाही मात्रा मिळू लागल्यापासून तो प्रकार विरळ झाला आहे, आणि आता संध्याकाळी अडखळणाऱ्या मुलात पडद्याचा आनुवंशिक विकार शोधावा लागतो, विशेषतः मामाच्या मुलीशी लग्नाची रूढी ज्या घराण्यांत आहे तेथे.

पुण्यास या बाबतीत साधनांची वाण नाही. १८६७ पासूनचे ससून आहे. १९५२ मध्ये अंधांच्या कल्याणाकरिता स्थापन झालेल्या पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनने पुढे मोहम्मदवाडीस एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय उभारले, आणि अंधांचे पुनर्वसन करणारी संस्था अंधत्वाच्या निवारणाकडे वळावी, ही त्या कार्याची स्वाभाविक परिणती म्हणावी लागेल. अडचण निराळीच असते. पडदा पाहण्याकरिता बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, त्यांचा अंमल चार-सहा तास टिकतो, ऊन सोसवत नाही, जवळचे दिसत नाही, आणि दुचाकीवर एकटाच आलेला पुणेकर 'आज थेंब नकोत, पुढच्या खेपेस पाहू' म्हणून निघून जातो. तपासणीचा गाभाच अशा रीतीने वर्षानुवर्षे तहकूब राहतो. तेव्हा जाताना गाडी घरी ठेवावी, बरोबर कोणास तरी न्यावे, गॉगल, जुना चष्मा, मधुमेह-रक्तदाबाचे कागद आणि सध्या चालू असलेल्या थेंबांच्या बाटल्या पिशवीत घालाव्यात, आणि एकेक डोळा झाकून घरी जे आढळले ते वैद्याने विचारण्यापूर्वीच सांगावे.